घरात विद्यार्थी, वर्गात सेन्सेई

जपानमध्ये शिकायला गेलेल्या परदेशी विद्यार्थ्याला आठवड्याला २८ तास नोकरी करता येते. संस्थेच्या लांब सुट्टीत दिवसाला आठ तासांपर्यंत. त्याची परवानगी वेगळी काढावी लागते. पहिल्यांदा उतरताना मोठ्या विमानतळांवर एका छोट्या अर्जावर ती मिळते, फी पडत नाही, आणि तिची नोंद रेसिडन्स कार्डाच्या पाठीमागे होते. २०२४ मध्ये तिथलं सरासरी किमान वेतन ताशी १,०५५ येन ठरलं होतं. त्या दराने २८ तासांचे महिन्याला साधारण सव्वा लाख येन होतात. पुण्या-मुंबईत जपानीच्या एक-दोन परीक्षा देऊन तिकडच्या भाषाशाळांत जाणारी आपली मुलं-मुली घरखर्चाचं गणित अशाच आकड्यावर मांडतात. मग कोणीतरी सांगतं, दुकानात उभं राहण्यापेक्षा इंग्रजी शिकव, तासाला पैसे जास्त. दुसरं कोणी सांगतं, खोली घेऊ नकोस, जपानी कुटुंबात राहा, भाषा आपोआप येईल.

दोन्ही सल्ले चांगले आहेत. ते एकदम पाळायला गेलं की मात्र एकमेकांच्या आड येतात.

तसं पाहिलं तर आपल्याकडे हे नवीन नाही. वार लावून जेवत आणि बड्या घरच्या मुलांच्या शिकवण्या करत पुण्यात शिकलेल्या पिढ्याच्या पिढ्या होऊन गेल्या. पण वाराचा मुलगा जेवून उठला की मोकळा. होमस्टेमधला मुलगा जेवून उठला की भांडी विसळतो, अंघोळीला आपली पाळी कधी ते विचारतो आणि उद्या रात्री जेवायला आहे की नाही ते आजच सांगून ठेवतो. परक्या देशात कुटुंबात राहून शिकण्याची ही पद्धत आधुनिक काळात रुजवली ती डोनाल्ड वॉट या अमेरिकनाने. १९३२ मध्ये त्याने 'एक्स्परिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग' ही संस्था सुरू केली, आणि तिच्या पाठोपाठ अशा अनेक संस्था निघाल्या.

इंग्रजी शिकवायला जपानला जाणं म्हटलं की पहिलं नाव निघतं ते 'जेट' या सरकारी योजनेचं. १९८७ मध्ये चार देशांतल्या ८४८ तरुणांना घेऊन ती सुरू झाली. पण ती पूर्ण वेळेची नोकरी आहे आणि तिला पदवी लागते. भाषाशाळेत सकाळचे तास करून संध्याकाळी शिकवू पाहणाऱ्याच्या ती कामाची नाही. त्याच्या वाट्याला येतात ते 'एइकाइवा', म्हणजे इंग्रजी संभाषणाचे खासगी वर्ग. स्टेशनाजवळच्या इमारतीत दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर चार खुर्च्या मावतील एवढ्या खोल्या, आणि त्यांत तीन प्रकारची गिऱ्हाइकं. एक, शाळकरी मुलं. २०२० पासून जपानच्या प्राथमिक शाळांत पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला आणि पालकांची धावपळ वाढली. दुसरे, टोइक या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण वाढवायला आलेले नोकरदार. ही परीक्षा अमेरिकन संस्थेने तयार केली, पण जपान्यांच्या मागणीवरून, आणि १९७९ मध्ये पहिल्यांदा घेतली गेली तीही जपानमध्येच. तिसरे निवृत्त आजी-आजोबा. त्यांना व्याकरण नको असतं, गप्पा हव्या असतात. शिकवायला सगळ्यात सुखाचे हेच.

जाहिरातींत 'नेटिव्ह' हवा असं लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ बऱ्याचदा गोरा असा असतो, हे आधीच सांगितलेलं बरं. काही ठिकाणी भारतीय नाव बघूनच नकार येतो. तरीही मराठी मुलाजवळ एक गोष्ट अशी असते की जी टेक्ससच्या मुलाजवळ नसते. जपानी वाक्याची घडण आपल्यासारखी: कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद; विभक्तीसारखे प्रत्यय नामाच्या मागे. 'ए', 'ॲन', 'द' ही भानगड त्यांच्याकडे नाही, आपल्याकडेही नाही. सातवीतला जपानी मुलगा 'द' कुठे घालायचा म्हणून घाम पुसतो, तेव्हा त्याचं नेमकं कुठे अडलंय हे आपल्याला कळतं. आपणही तिथेच अडलो होतो. अमेरिकन शिक्षक चुकलेलं वाक्य सुधारून देतो. ते का चुकलं हे सांगायला स्वतः ती भाषा परकी म्हणून शिकलेला माणूस लागतो. मुलाखतीला जाताना हे बोलून दाखवावं, संकोच करू नये.

अडचण पुढे आहे. अशा वर्गांत शिक्षकाने जपानी बोलू नये असा दंडक बहुतेक ठिकाणी असतो. म्हणजे वर्गात जेवढे तास, तेवढी जपानी बंद. याचं जुनं उदाहरण लाफ्कादिओ हर्न. तो १८९० मध्ये मात्सुए गावी शाळेत इंग्रजी शिकवायला गेला, जपानी बाईशी लग्न केलं, १८९६ मध्ये जपानचं नागरिकत्व घेतलं आणि १९०४ मध्ये जपानमध्येच वारला. जपानच्या भुताखेतांच्या कथा जगाला सांगणारा हा लेखक शेवटपर्यंत जपानी पुस्तकं नीट वाचू शकला नाही. बायको सेत्सु त्याला गोष्टी सांगायची, आणि त्या ज्या मोडक्यातोडक्या जपानीत सांगायची ती भाषा त्या दोघांपुरतीच होती. पुढे हर्न तोक्योच्या विद्यापीठात शिकवत होता; तिथे त्याच्या जागी आला जपानी कादंबरीकार नात्सुमे सोसेकी. तो १९०० ते १९०२ लंडनला सरकारी खर्चाने इंग्रजी शिकत होता, इंग्रज घरमालकिणींकडे राहत होता, आणि खोलीचं दार लावून पुस्तकं वाचत होता. विद्वान झाला, पण लंडनचे दिवस त्याने अत्यंत दुःखात काढले. घर मिळणं वेगळं आणि घरात बसणं-उठणं होणं वेगळं.

जपानी घरात हे बसणं-उठणं शिकावं लागतं. चपला दारातल्या खालच्या जागेत काढायच्या, संडासाच्या स्लिपर निराळ्या. अंग टबाबाहेर साबण लावून स्वच्छ धुवायचं आणि मग गरम पाण्यात बसायचं. तेच पाणी घरातल्या सगळ्यांना, त्यामुळे उठताना बूच काढायचं नाही. शाकाहाऱ्यांसाठी खास सूचना: 'मी मांस खात नाही' एवढ्याने भागत नाही. मिसो सूपच्या मुळाशी जो 'दाशी' असतो तो बहुधा सुकवलेल्या माशाचा काढलेला असतो, आणि यजमानीणबाईंच्या लेखी तो मासा नसतोच. अंडं चालतं का, माशाचा अर्क चालतो का, हे फॉर्मवर स्पष्ट लिहा. पहिल्या रात्री ताटावर बसून सांगायची ही गोष्ट नव्हे. हिवाळ्यात बहुतेक घरांत सगळ्या खोल्या गरम नसतात. मंडळी संध्याकाळी 'कोतात्सु'च्या, म्हणजे खाली शेगडी आणि वर गोधडी असलेल्या बुटक्या टेबलाच्या भोवती पाय खुपसून बसतात. भाषा येते ती तिथे. टीव्हीवरच्या कार्यक्रमाला नावं ठेवताना, संत्री सोलताना.

आणि संध्याकाळीच तर एइकाइवाचे वर्ग असतात.

शिवाय यजमानांचाही एक हेतू असतो. मुलं मोठी होऊन बाहेर पडलेली, खोली रिकामी, नातवाला इंग्रजी यावं ही इच्छा. तुम्ही जपानी शिकायला आलात, ते इंग्रजीची वाट बघतायत. याचा राग धरू नये. रविवारी सकाळी एक तास नातवाचा, बाकी घरात जपानी, असं पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकावं. मात्र शिकवण्याच्या बदल्यात भाडं माफ असा व्यवहार कोणी सुचवला तर आधी शाळेच्या कार्यालयात विचारा. २८ तासांची परवानगी ज्याचे तास मोजता येतात अशा नोकरीसाठी असते, स्वतंत्र शिकवण्यांना वेगळी मंजुरी लागते, आणि मर्यादा ओलांडल्याचं उघडकीला आलं तर व्हिसाची मुदतवाढ नाकारली जाऊ शकते.

माझं मत विचाराल तर पहिले सहा महिने कुटुंबात राहावं, भाड्याच्या खोलीची अनामत आणि जामीनदार यांची काळजी तोवर पुढे ढकलावी. इंग्रजीचे वर्ग आठवड्यात दोन संध्याकाळींच्या वर घेऊ नयेत. उरलेले तास कोपऱ्यावरच्या दुकानात किंवा उपाहारगृहात काढावेत. पैसे कमी मिळतील, पण तिथे दर गिऱ्हाइकाशी जपानीत बोलावंच लागतं.