बिनअध्यक्षाची सभा

आमच्या यवतमाळात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा भरले. १९७३ साली अध्यक्षपदी ग. दि. माडगूळकर होते, २०१९ साली अरुणा ढेरे. अध्यक्षावाचून सभा म्हणजे नवरदेवावाचून वरात, असे मानणारे आपण लोक! पण वाचकहो, जगात अशी एक सभा आहे की, जी १९८० पासून चालू आहे आणि तिला अद्याप अध्यक्ष नाही. ‘युजनेट’ हे त्या सभेचे नाव आणि ‘न्यूजग्रुप’ म्हणजे तिच्यातल्या निरनिराळ्या विषयांच्या बैठका.

१९७९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना ही कल्पना सुचली. आपण पत्र लिहून जवळच्या संगणक-केंद्राकडे द्यायचे; ते केंद्र त्याची प्रत शेजारच्या केंद्राला देते, ते त्याच्या शेजाऱ्याला. असे करता करता पत्र जगभर पोचते. मुख्य कचेरी नाही, मालक नाही.

बैठकांची नावे उलट्या पत्त्यासारखी असतात. आपण ‘वणी, जिल्हा यवतमाळ’ असे लिहितो; येथे मुलूख आधी, घर शेवटी. ‘सॉक. कल्चर. इंडियन. मराठी’ म्हणजे समाज, त्यात संस्कृती, त्यात भारतीय आणि त्यात मराठी. देवनागरी पडद्यावर सहज उमटत नव्हती त्या दिवसांत मराठी मंडळी येथे रोमन अक्षरांत मायबोली लिहीत. त्यात एक गंमत होती. या सभेत सगळी अक्षरे मोठी लिहिणे म्हणजे ओरडणे. आणि ‘आयट्रान्स’ या लेखनपद्धतीत ट, ठ, ण दाखवायला मोठीच अक्षरे लागत. म्हणजे ‘ण’चा ‘न’ होऊ न देणारा माणूस परक्याला मधूनमधून ओरडल्यासारखाच वाटायचा!

२००१ साली, विद्यार्थी असताना, येथल्या एका सायबर कॅफेत बसून मी अशाच एका बैठकीत पहिले पत्र टाकले. आधीचे एकही पत्र वाचले नव्हते. विषयाच्या जागी नुसते ‘मदत’ लिहिले, आणि विचारले ते काय, तर त्या बैठकीच्या नेहमीच्या प्रश्नोत्तरांत आरंभीच दिलेले! दुसऱ्या दिवशी तीन खरमरीत उत्तरे हजर. कान लाल झाले. पत्र मागे घ्यावे म्हटले, तर त्याच्या प्रती तोवर देशोदेशी गेलेल्या. चौथ्या एका अनोळखी गृहस्थांनी मात्र उत्तर देऊन वर शांतपणे सुचवले, की काही दिवस नुसते वाचा, मग लिहा.

मी वाचू लागलो. कोण जाणकार, कोण नुसता भांडखोर, कोणता प्रश्न शंभरदा चघळून झाला आहे, हे हळूहळू उमगले. पुढे कळले, की १९९५ च्या इंटरनेट-शिष्टाचाराच्या टिपणात नवख्याला एक ते दोन महिने नुसते वाचण्याचाच सल्ला आहे. अमेरिकेत दर सप्टेंबरला विद्यापीठात नवी मुले येत आणि गोंधळ घालत. महिन्याभरात रीत शिकून निवत. १९९३ नंतर नवख्यांचा लोंढा असा आला, की तो सप्टेंबर संपलाच नाही, असे जुने लोक म्हणू लागले.

ही सभा आता पूर्वीसारखी गजबजलेली नाही. गूगलनेही २२ फेब्रुवारी २०२४ पासून तिची नवी पत्रे घेणे बंद केले. जुनी तेवढी वाचता येतात. तरी दार उघडे आहे. ‘थंडरबर्ड’ हा फुकटचा प्रोग्राम संगणकावर घ्यावा आणि त्या न संपलेल्या महिन्याचेच नाव मिरवणाऱ्या ‘इटर्नल सप्टेंबर’ या विनामूल्य केंद्रावर नाव नोंदवावे. आवडीच्या एक-दोन बैठका निवडाव्या. विषय स्पष्ट लिहावा. उत्तर देताना समोरच्याचे लागेल तेवढेच वाक्य वर ठेवून खाली आपले लिहावे. रागाच्या भरात लिहिलेले पत्र रात्रभर तसेच ठेवावे.

हे सारे आजच्या व्हॉट्सअॅपच्या गटांनाही लागू नाही काय? तेथे निदान एखादा अॅडमिन असतो. येथे घंटा वाजवून खाली बसवणारे कोणी नाही, आणि सुटलेला शब्द परत येत नाही. म्हणून प्रत्येकाने आपल्यापुरते अध्यक्ष व्हायचे. हार मात्र कोणी घालणार नाही!