आवाज टाळावा, जेवण टाळू नये

पंगतीत कुणी कढीचा भुरका मोठ्याने मारला, की वाढणाऱ्या बाईंना बरे वाटते. कढी जमली, असा त्याचा अर्थ! पापड मोडणे, कांदा कचाकचा चावणे, पाणी घटाघटा पिणे, हे आवाज आपल्या जेवणातलेच. पण एखाद्या घरात असा एक जीव असतो, की त्याला नेमके हेच आवाज सोसत नाहीत. शेजारच्याची मचमच कानी पडली की त्याच्या छातीत धडधड होते, अंग ताठते, राग उसळतो आणि ताटावरून उठून पळावेसे वाटते. आपण म्हणतो, "नखरे आहेत!" नाहीतर म्हणतो, "फार लाडावून ठेवलंय पोराला." वाचकहो, असे म्हणण्यापूर्वी जरा थांबावे.

या त्रासाला 'मिसोफोनिया' असे नाव आहे. मूळ शब्द ग्रीक, अर्थ आवाजाचा तिटकारा. मार्गारेट व पावेल जॅस्ट्रेबॉफ या अमेरिकेतील संशोधकांनी ते नाव २००१ साली दिले. अशा माणसाचे कान तपासले, तर बहुधा त्यांत दोष सापडत नाही. मग बिघडते कुठे? २०१७ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठात सुखबिंदर कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा लोकांच्या मेंदूची चित्रे घेतली. चावण्याचा किंवा श्वासाचा आवाज ऐकवताच मेंदूतला एक भाग प्रमाणाबाहेर जागा झालेला दिसला. कशाकडे तातडीने लक्ष द्यायचे, हे ठरवण्यात या भागाचा मोठा वाटा असतो. त्याच वेळी हृदयाचे ठोकेही वाढले. म्हणजे आपल्याला जो साधा भुरका वाटतो, तो त्या मेंदूला धोक्याची घंटा वाटतो. हे सोंग नव्हे.

आता खरी काळजीची गोष्ट पाहू. समजा, सातवीतली एक मुलगी आहे. शाळेच्या ओसरीत पोषण आहाराची खिचडी वाढली जाते, पन्नास तोंडे एकदम चालू लागतात. ती म्हणते, "बाई, मला भूक नाही." संध्याकाळी घरी सगळे एकत्र बसतात, तेव्हा ती म्हणते, "मी शाळेत पोटभर खाल्लंय." शाळेला वाटते घरी जेवते, घराला वाटते शाळेत जेवते. आणि पोर दोन्हीकडे उपाशी!

उपाशी राहून आवाजाचा त्रास तरी कमी होतो का? उलट वाढतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अॅन्सल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांवर, त्यांच्या संमतीने, एक प्रयोग केला. सुमारे सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवले. ते तरुण चिडचिडे झाले, एकलकोंडे झाले, रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले. त्यांना चक्कर येई, थंडी सोसवेना, आणि आवाज व उजेडही सोसवेना. लक्षात घ्या, हे मुळात निरोगी गडी होते! मग ज्याला आधीच आवाजाचा जाच आहे, त्याचे उपासमारीने काय होत असेल? आवाजामुळे ताट सोडायचे, ताट सोडल्याने भूक, भुकेने आवाज आणखी बोचरा. रहाटाच्या माळेसारखे हे फिरत राहते.

काहींच्या मनात याच्या जोडीला वजन वाढण्याची भीतीही असते. खाल्ले की अपराधी वाटते, मग जेवण चुकवायला आवाजाचे निमित्त मिळते. कुठले कारण आधीचे, हे घरच्यांनी वाद घालून ठरवू नये. ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी २०१४ साली अशा तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली, त्यांत खाण्याचा विकार आणि आवाजाचा तिटकारा एकत्र नांदत होते. तेव्हा दोहोंची विचारपूस व्हायला हवी.

मग करायचे काय? एकच सूत्र धरा: आवाज टाळावा, जेवण टाळू नये. जेवताना रेडिओ हलक्या आवाजात लावा किंवा पंखा चालू ठेवा, म्हणजे चावण्याचा आवाज त्यात विरून जातो. त्या मुलाला पंगतीच्या टोकाला बसवा. फारच त्रास होत असेल, तर काही दिवस दुसऱ्या खोलीत पान वाढा, पण वेळ तीच, अन्न तेच, आणि जवळ एखादे शांतपणे जेवणारे माणूस. मात्र दिवसभर कान बंद करून बसू देऊ नका. शांततेची फार सवय झाली, की बारीक आवाजही टोचू लागतो.

गुरुजी आणि बाई, आपल्याकडून दोन गोष्टी व्हाव्यात. मुद्दाम मचमच करून चिडवणाऱ्या पोरांना आवरा. आणि कुणाच्या जाड-बारीकपणावर वर्गात शब्द काढू नका. "का जेवत नाहीस?" असे सर्वांदेखत विचारण्याऐवजी, बाजूला घेऊन "जेवताना कशाचा त्रास होतो गं?" असे विचारा. उत्तर निराळे मिळेल.

वजन झपाट्याने उतरले, चक्कर येऊ लागली, मुलीची पाळी थांबली किंवा जेवणानंतर मुद्दाम ओकारी काढली जाते असे दिसले, तर घरगुती उपायांवर विसंबू नका. थेट डॉक्टरांकडे जा. फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर खाऊ घालणेही धोक्याचे असते, तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे. विचारांची आणि वागण्याची सवय हळूहळू बदलणाऱ्या उपचाराने आवाजाचा त्रास अनेकांना कमी झाल्याचे नेदरलँड्समधील अभ्यासांत दिसले आहे. सल्ल्यासाठी सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ सालापासून चालू आहे. क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येते.

आपल्याकडे ताटावरून कुणी उपाशी उठले तर घरच्या बाईच्या घशाखाली घास उतरत नाही. ती माया चांगलीच आहे. तिच्या जोडीला एवढेच हवे, की उठणाऱ्याला रागे न भरता, तो का उठला हे विचारावे.