बाथ येथील हर्शेल-गृह : वास्तु आणि बाड

आपल्या पंचांगांतील ‘हर्षल’ हें ग्रहनाम वाचकांच्या परिचयाचें आहे. तो ग्रह ज्या घराच्या परसांतून शोधला गेला, तें घर इंग्लंडांतील बाथ शहरीं न्यू किंग स्ट्रीटवर अद्याप उभें असून आज तेथें संग्रहालय आहे. वास्तु व कागद हीं परस्परांची साक्ष कशी देतात, ह्याचें तें उत्तम उदाहरण असल्यामुळें त्याची हकीकत येथें देत आहों.

विल्यम हर्शेल हा मूळचा हॅनोव्हरचा, जन्म १७३८. पेशानें तो गवई-वादक. बाथच्या ऑक्टॅगन चॅपलांत ऑर्गन वाजवावा, शिष्यांस शिकवावें, आणि उरल्या वेळांत दुर्बिणीचे आरसे घांसावे, असा त्याचा क्रम होता. त्याची बहीण कॅरोलाइन १७७२ सालीं त्याजकडे आली. ता. १३ मार्च १७८१ च्या रात्रीं, स्वतः केलेल्या सात फुटी दुर्बिणींतून पाहत असतां, विल्यमला एक बिंब ताऱ्याहून निराळें दिसलें. त्यानें तें धूमकेतु समजून जाहीर केलें. इतरांच्या गणितानें तो ग्रह ठरला. पुढल्याच वर्षीं राजाश्रय मिळून भावंडांनीं बाथ सोडलें.

हें घर म्हणजे कांहीं राजवाडा नव्हे. एका ओळींत बांधलेल्या अनेक घरांपैकीं तें एक. रस्त्यावरून जाणाऱ्यास त्यांत विशेष असें कांहींच दिसूं नये. अशाच वास्तु प्रथम नष्ट होतात. ह्या घरावरही तीच पाळी येऊं पाहत होती. परंतु १९७७ सालीं कांहीं खगोलप्रेमी व इतिहासप्रेमी गृहस्थांनीं विल्यम हर्शेल सोसायटी स्थापिली, आणि ग्रहाच्या शोधास दोनशें वर्षें झालीं त्या १९८१ सालीं तेथें संग्रहालय उघडलें. येणाऱ्यास घर दाखविण्याचें काम मुख्यतः स्वयंसेवक करीत आले आहेत.

ह्या स्वयंसेवकांच्या हातीं सर्वांत मोलाचें साधन कोणतें, असें विचारल्यास आम्ही तळघरांतील कारखान्याची फरशी दाखवूं. ती जागजागीं तडकलेली आहे. नुसती पाहिली तर ती जुनी, झिजलेली फरशी, एवढेंच म्हणतां येईल. परंतु कॅरोलाइननें आपल्या आठवणी लिहून ठेविल्या आहेत. १७८१ च्या ऑगस्टांत तीन फूट व्यासाचा आरसा ओतण्याचा प्रयत्न चालला असतां वितळलेला रस बाहेर फुटून फरशीवर पसरला. फरशीचे दगड उडून छतापर्यंत गेले, आणि दोघे भाऊ व ओतारी जीव घेऊन निरनिराळ्या दारांनीं बाहेर पळाले, असा वृत्तांत तींत आहे. बाड नसतें तर फरशी मुकी राहिली असती. फरशी नसती तर वृद्धपणीं लिहिलेल्या ह्या वर्णनांत अतिशयोक्ति असावी, अशी शंका कोणीही घेतली असती.

बाड हें कित्येकदां आवडती दंतकथाही मोडतें. शोधाच्या रात्रीं बहीण भावाजवळ बसून टिपणें घेत होती, असें चित्र रंगविण्याचा मोह सहज होतो. वस्तुतः त्या सुमारास घर बदलणें चाललें होतें व कॅरोलाइन मागें जुन्या घरींच होती. पुढें तिनें स्वतः आठ धूमकेतु शोधले व १७८७ पासून सरकारांतून वार्षिक पन्नास पौंड वेतन घेतलें. तिच्या थोरवीस ह्या रात्रीच्या उसन्या साक्षीची गरज नाहीं.

तसेंच जें बाड नाहीं, तेंही बोलतें. १७८८ सालीं विल्यमचा विवाह झाला. त्या वर्षापासून १७९८ पर्यंतची आपली रोजनिशी कॅरोलाइननें स्वहस्तें नष्ट केली. घराण्यांतील एका सुनेनें १८७६ सालीं तिच्या आठवणी व पत्रें छापलीं, तीं निवडूनच. दोन्ही आत्मवृत्तें संशोधकाच्या हातून साक्षेपानें प्रसिद्ध व्हावयास २००३ साल उजाडलें. तिच्या हातच्या आठवणींचा एक मसुदा अलीकडच्या वर्षांत ह्याच संग्रहालयानें देणग्यांच्या साह्यानें मिळविला आहे. ज्या फरशीची कथा तींत आहे, त्याच फरशीच्या वर, त्याच घरीं आतां तो आला.

ह्या हकीकतीवरून आमच्या संग्राहक बंधूंनीं घेण्यासारखा बोध आम्हांस स्पष्ट दिसतो. आपल्याकडे वाडा पडावयास आला म्हणजे दप्तराचे रुमाल आधीं बाहेर निघतात; ते सुरक्षित स्थळीं जातात, हें चांगलेंच. पण कोणत्या माळ्यावर, कोणत्या फडताळांत, कोणत्या पेटींत ते होते, हें कोणी टिपून ठेवीत नाहीं. पुढें वाडा नाहींसा होतो, आणि कागद निराधार उरतो. तेव्हां रुमाल हलविण्यापूर्वीं त्या खोलीचा नकाशा, कागदांची जागा व क्रम, आणि देणाऱ्या गृहस्थांनीं सांगितलेली माहिती एका कागदावर लिहून तो रुमालांतच बांधावा. ह्यास द्रव्य लागत नाहीं. अर्धा दिवस पुरतो. वास्तु वांचविणें सर्वांच्या हातीं नसतें, तिची साक्ष वांचविणें मात्र प्रत्येक संग्राहकाच्या हातीं आहे.