केसपेपर फुकट झाला, त्याचा फायदा कोणी घ्यायचा?



लागणीच्या नोंदी घेत आम्ही पवन मावळात वस्त्या-वस्त्यांवर फिरतो. एक गोष्ट वरचेवर ऐकू येते : "साहेब, उसाचं बिल आलं आणि दवाखान्यात गेलं." म्हणून या वेळी खताच्या मात्रेऐवजी दवाखान्याबद्दल लिहीत आहोत.

राज्य शासनाने 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतील फी बंद केली. कार्ले, येळसे, खडकाळा येथील प्राथमिक आरोग्य केंद्रे किंवा कान्हे येथील सरकारी रुग्णालय, कोठेही जा. केसपेपर, तपासणी, रक्त-लघवीच्या चाचण्या, भरती होणे, कशाचेच पैसे नाहीत. रेशनकार्डाचा रंगही आड येत नाही. मात्र पुण्याचे ससून वैद्यकीय शिक्षण खात्याचे, त्याला हा निर्णय लागू नव्हता.

महात्मा फुले जनआरोग्य योजना ही वेगळी बाब. पुष्कळ सभासद या दोहोंची गल्लत करतात. 1 जुलै 2024 पासून या योजनेची मर्यादा दर कुटुंबामागे वर्षाला दीड लाखावरून 5 लाख रुपये झाली आणि पांढरे कार्डवालेही तीत आले. पण ती ठरलेल्या आजारांसाठी, यादीतल्या रुग्णालयात भरती झाल्यावरच चालते. थंडी-तापाच्या गोळ्यांना नाही. "कार्ड आहे की" म्हणून यादीबाहेरच्या दवाखान्यात रोगी नेला, तर बिल आपल्याच बोकांडी बसते. आधी 155388 वर फोन करून विचारा.

आपल्या धंद्यात मोठी भीती सर्पदंशाची. पाचटात, भातखाचरात पाय कोठे पडेल सांगता येत नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच इंजेक्शन चालते आणि ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. चावल्या जागी चिरू नका, करकचून बांधू नका, देवर्षाकडे तर मुळीच नेऊ नका. हात-पाय न हलवता झोपवा नि 108 ला फोन करा. यात गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

फी गेली म्हणजे सगळे झाले असे आम्ही म्हणणार नाही. फी माफ झाल्याने डॉक्टरची रिकामी जागा भरत नाही, की लोणावळ्याच्या बाजूच्या डोंगरवाडीतून भर पावसात यायला गाडी मिळत नाही. औषध बाहेरून आणायला सांगितले तर मुकाट्याने चिठ्ठी घेऊन निघू नका. वैद्यकीय अधिकाऱ्यांना कारण विचारा. केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते, तिच्यापुढे गाऱ्हाणे मांडा.

तोडीला आलेल्या टोळीलाही हे सांगा. बीडकडचे रेशनकार्ड योजनेला इथेही चालते, कारण योजना राज्यभर एकच आहे. कोयता लागला तरी ती माणसे बिलाच्या धास्तीने फडकी बांधून कामाला लागतात, हे आम्ही दर हंगामात पाहतो.

आणखी एक. नव्या सुनेचे नाव रेशनकार्डावर चढवायचे राहून गेलेले असते आणि नेमक्या वेळी अडचण येते. गळीत सुरू होण्यापूर्वी तहसील कचेरीत ते काम उरकून घ्यावे.