मेयोनीजला तेल कोणतं घालावं?

मेयोनीज म्हणजे मुळात तेलच. एका अंड्याच्या बलकात वाटीभर तेल थेंबाथेंबाने जिरवायचं, लिंबू किंवा व्हिनेगर, मीठ, थोडी मोहरी घालायची, झालं. बलकातलं लेसिथिन तेलाचे बारीक थेंब पाण्यात धरून ठेवतं आणि मिक्सरच्या भांड्यात पांढरा, घट्ट गोळा तयार होतो. तेल डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे ते आहे हेच विसरायला होतं. मोमोज-सँडविचच्या गाड्यांवरून हा पदार्थ घरात आला आणि मग प्रश्न सुरू झाला: घरी करायचंच तर तब्येतीला चांगलं तेल कोणतं?

पहिलं उत्तर बहुतेक वेळा ‘ऑलिव्ह’ असतं. महाग आहे म्हणजे हलकं असणार, हा हिशेब. पण ऑलिव्ह असो, सोयाबीन असो की शेंगदाणा, एक ग्रॅम तेलात 9 कॅलरीच. ऑलिव्हमधली चरबी चांगल्या प्रकारची, हे खरं. त्याने मेयोनीज हलकं मात्र होत नाही. शिवाय एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल मिक्सरमध्ये जोरात फिरवलं की कडवट लागायला लागतं, कारण त्यातली कडू द्रव्यं मोकळी होतात. एवढे पैसे मोजून कडू मेयोनीज कशाला खायचं?

पाकिटावरच्या ‘कोलेस्ट्रॉल-फ्री’ या शब्दावर तर अजिबात जाऊ नये. कोलेस्ट्रॉल प्राण्यांच्या पदार्थांत असतं. वनस्पतीच्या कुठल्याच तेलात ते नावाला उरावं इतकंही नसतं. मेयोनीजमध्ये येतं ते बलकातून. ‘हे तेल जास्त तापवलं तरी जळत नाही’ ही जाहिरातही इथे बिनकामाची. मेयोनीज गॅसवर चढतच नाही.

खरा वाद आहे घाण्याचा आणि रिफाइंडचा. कच्चं तेल खाणं मराठवाड्याला नवीन नाही. जवसाच्या किंवा कारळाच्या चटणीत खड्डा करून त्यात करडीचं तेल ओतायचं आणि ज्वारीच्या भाकरीशी खायचं, ही इथली जुनी चव. म्हणून लाकडी घाण्याचं ते अमृत आणि रिफाइंड ते विष, असं मानणारे खूप. दोन्ही टोकं चुकीची. घाण्याच्या तेलात वास, चव आणि काही चांगले घटक जास्त टिकतात. पण शेंगदाणा बुरशीचा असला तर अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तेलात उतरू शकतं, आणि घाण्यात ते काढायची सोय नसते. रिफाइंड करताना क्षाराची प्रक्रिया होते, तिच्यात ते मोठ्या प्रमाणात निघून जातं. घाण्याचं घ्यायचं तर समोर दाणे बघून, थोडंथोडं, ताजं घ्यावं. झाकण उघडून वास घ्या. किंचित खवट असेल तरी मेयोनीजला ते नको, कच्च्यात खवटपणा लपत नाही.

सोयाबीनच्या तेलाबद्दलची भीती वेगळी: ‘ते केमिकलने काढतात.’ काढतात, हे खरं. दाण्यात तेल जेमतेम 18 ते 20 टक्के, त्यामुळे बहुतेक तेल हेक्झेन या द्रावकाने काढून मग ते द्रावक उडवून लावतात. रिफाइंड तेलात किती उरलेलं चालेल, याला अन्न सुरक्षा नियमांत मर्यादा आहे. नांदेड-लातूरच्या शिवारात खरिपाला जिकडेतिकडे सोयाबीन दिसतं, त्याच दाण्याच्या तेलाला घरात नाकं मुरडायची, याची मला गंमत वाटते. त्यात निम्म्याहून जास्त बहुअसंतृप्त चरबी असते आणि थोडं ओमेगा-3 सुद्धा, जे करडीत, सूर्यफुलात किंवा शेंगदाण्यात जवळजवळ नाहीच.

करडीला हृदयाचा मित्र म्हणायची पद्धत आहे. तिच्यात लिनोलेइक आम्ल सुमारे 75 टक्के, आणि त्याने कोलेस्ट्रॉल उतरतं हे सिद्ध झालेलं आहे. तरी एक गोष्ट माहीत असावी. सिडनीत 1966 ते 1973 दरम्यान 458 हृदयरुग्ण पुरुषांवर एक प्रयोग झाला. त्याची जुनी आकडेवारी 2013 मध्ये पुन्हा तपासली, तेव्हा करडीचं तेल आणि त्याचं मार्जरीन खाणाऱ्या गटात कोलेस्ट्रॉल घटूनही मृत्यू जास्त निघाले. एका प्रयोगावरून करडी वाईट ठरत नाही. डालडा-पामतेलासारख्या संतृप्त चरबीऐवजी अशी तेलं खाणं बरं, असाच इतर अभ्यासांचा एकूण कौल आहे. पण एकाच तेलावर विसंबू नये, आलटून पालटून वापरावं, हा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला आहे.

स्वयंपाकघरातली एक बाब या चर्चेत राहूनच जाते. फ्रिजमध्ये खोबरेल गोठतं हे सगळ्यांना माहीत आहे. शेंगदाणा तेलही गढूळ होऊन घट्ट व्हायला लागतं. तेलाचे कण असे गोठले की मेयोनीज फुटतं आणि वर तेल तरंगतं. म्हणून दोनतीन दिवस ठेवायचं असेल तर सोयाबीन किंवा सूर्यफूल घ्यावं. घाण्याचं शेंगदाणा तेल आवडत असेल तर चौथा हिस्सा चवीपुरतं मिसळावं, वर लसूण आणि नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादची लाल मिरची वाटून घालावी. त्या दिवशीच संपवायचं असेल तर तेही बंधन नाही.

तेलापेक्षा प्रमाणाने जास्त फरक पडतो. राष्ट्रीय पोषण संस्था दिवसाला वरून घेतलेलं तेल-तूप माणशी 20 ते 50 ग्रॅम सांगते, कष्टाच्या कामाप्रमाणे. दोन मोठे चमचे मेयोनीज खाल्लं की त्यातले वीसएक ग्रॅम तिथेच संपले. निम्मं मेयोनीज आणि निम्मा चक्का फेटून घेतला तर तेल सरळ अर्ध्यावर येतं आणि सँडविचला फरक फारसा कळत नाही.

राहिलं अंडं. एवढ्या तेलात जंतू जगणार नाहीत, हा समज सर्वांत धोक्याचा. कच्च्या अंड्यातल्या साल्मोनेला या जंतूला तेल मारत नाही. धर्माबादच्या पलीकडे बासर, म्हणजे तेलंगणा, आणि त्या राज्यात ऑक्टोबर 2024 च्या अखेरीस कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली गेली, विषबाधेच्या घटनांनंतर. घरी अंड्याला सोपा पर्याय आहे: मिक्सरच्या छोट्या भांड्यात अर्धी वाटी गार, आधी तापवलेलं दूध घ्यायचं, चालू मिक्सरमध्ये एक वाटी तेल बारीक धारेने सोडायचं, घट्ट झालं की लिंबू, मीठ आणि मोहरी. दुधातली प्रथिनं बलकाचं काम करतात. धार जाड झाली तर मात्र ते पातळच राहतं. हेसुद्धा फ्रिजमध्येच ठेवावं आणि दोनतीन दिवसांत संपवावं. इकडच्या उन्हाळ्यात ओट्यावर तासभरही नको.