महामायूरीच्या पोथीतील करहाटक

अकराव्या आणि बाराव्या शतकांत बिहार, बंगाल व नेपाळमध्ये ज्या सचित्र ताडपत्री पोथ्या तयार झाल्या, त्यांत ‘अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमिते’बरोबरच ‘पंचरक्षा’ या ग्रंथालाही मोठा मान होता. महाप्रतिसरा, महासाहस्रप्रमर्दनी, महामायूरी, महाशीतवती आणि महामंत्रानुसारिणी ही मुळात पाच रक्षामंत्रांची नावे. पुढे त्या मंत्रांनाच देवीरूप मिळाले आणि ग्रहपीडा, रोगराई, हिंस्र श्वापदे, सर्पदंश अशी संकटे या पाचजणींकडे वाटली गेली. त्यांपैकी सर्पविष उतरवणारी महामायूरी सातारा-सांगलीच्या वाचकाला दूरदेशीची वाटली, तरी तिच्या पोथीत कराडचे नाव आहे.

कथा अशी की, स्वाती नावाचा तरुण भिक्षू संघाच्या स्नानासाठी लाकडे फोडत असता त्याला साप डसला, तेव्हा बुद्धांचा शिष्य आनंद याने त्यांच्याकडे धाव घेतली आणि बुद्धांनी त्याला हा मंत्र सांगितला. ग्रंथ मात्र मंत्रावरच थांबत नाही; नागराज, नद्या, पर्वत, ऋषी आणि नगरोनगरीचे यक्ष, म्हणजे त्या त्या स्थळाचे राखणदार देव, यांना तो नावानिशी साकडे घालतो. फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांनी १९१५ मध्ये अभ्यासलेल्या या यक्षयादीत नाशिकचा सुंदर आणि भरुकच्छाचा (भडोचचा) असंग यांच्या लगत करहाटकाचा वीर येतो. करहाटक म्हणजे कराड. भारहूतच्या स्तूपावरील दानलेखांत येणारे ‘करहकट’ हेही हेच नगर असे मानतात. सहाव्या शतकाच्या आरंभी झालेल्या चिनी भाषांतरातही ही यादी असल्याने ती त्याहून जुनी आहे, हे उघड आहे. नव्या देवीने जुन्या ग्रामदैवतांना हुसकावले नाही, तर आपल्या पहाऱ्यावर घेतले, असेच यावरून म्हणावे लागते. (सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीशी या देवीचा संबंध जोडण्याचा मोह होईल, पण तसा पुरावा नाही.)

कराडजवळ आगाशिवच्या डोंगरातील साठहून अधिक लेण्यांत मात्र या देवीचा शोध घेणे व्यर्थ आहे, कारण ही लेणी मूर्तिपूजा रुजण्यापूर्वीच्या परंपरेतील असून तेथे पूजेचा केंद्रबिंदू स्तूप आहे. महाराष्ट्रात महामायूरी दिसते ती वेरूळच्या सहाव्या लेण्यात: देवीजवळ मोर उभा आहे आणि खाली एक अभ्यासक पोथी वाचत बसला आहे. बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’तही प्रभाकरवर्धन राजाच्या आजारपणात महामायूरीचे पठण चालल्याचा उल्लेख असल्याने, सातव्या शतकाच्या सुमारास ही विद्या विहारापासून राजवाड्यापर्यंत पोहोचली होती, असे दिसते.

ताडपत्रावर चित्रकाराला जागा फार थोडी मिळे. पानाची उंची जेमतेम पाच-सहा सेंटीमीटर, त्यात दोरी ओवण्यासाठी पाडलेली भोके, आणि दोन्ही बाजूंच्या मजकुरामध्ये उरलेल्या चौकटीत देवी बसवायची. त्यामुळे स्वातीला सर्पदंश होण्याचा नाट्यमय प्रसंग रंगवण्यापेक्षा देवीचा वर्ण, हातांची संख्या आणि आयुधे अचूक दाखवण्याकडे लक्ष दिले जाई; महामायूरीची ओळख मोरपिसावरून पटते. देवींचे हे वर्ण सर्व साधनाग्रंथांत, म्हणजे देवतांच्या ध्यानविधीच्या ग्रंथांत, सारखे नाहीत, म्हणून केवळ रंगावरून देवी ओळखणे धोक्याचे ठरते. केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयातील पंचरक्षेची प्रसिद्ध पोथी नयपाल राजाच्या चौदाव्या राज्यवर्षातली, म्हणजे अकराव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराची असून ती उद्दाका नावाच्या राणीने करवून घेतली होती. अशी पोथी वाचण्याइतकीच पूजण्यासाठीही असे, आणि ती लिहवून घेणे हेच पुण्य मानले जाई. नेपाळमधील नेवार बौद्धांत पंचरक्षेचे पठण आजही चालते.

पंचरक्षेच्या जोडीने मान असलेल्या ‘अष्टसाहस्रिके’च्या पोथ्यांचाही महाराष्ट्राशी असाच संबंध येतो: मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात तिची सचित्र पोथी आहे आणि तिचा अभ्यास सदाशिव गोरक्षकर व कल्पना देसाई यांनी प्रसिद्ध केला आहे. त्याच ग्रंथाची १०१५ मधील नेपाळी प्रत केंब्रिजला असून तिच्या चित्रांना स्थळनामे जोडलेली आहेत, आणि त्यांत कोकणातील स्थळेही आढळतात.