ओठांवर अडलेले शब्द

मेंदूचा झटका (स्ट्रोक) येऊन गेलेला रुग्ण समोरचा पेला ओळखतो, त्यातले पाणीही पितो. पण ‘पेला’ हा शब्द काही केल्या तोंडून निघत नाही. ‘पाणी’ म्हणायला जावे तर ‘चहा’ निघतो. घरच्यांना वाटते, डोक्यावर परिणाम झाला. प्रत्यक्षात हा ‘अफेजिया’ म्हणजे वाचाघात असतो. झटक्यातून वाचलेल्या साधारण तिघांपैकी एकाला तो होतो.

बहुतेकांच्या मेंदूत भाषेची केंद्रे डाव्या बाजूला असतात. १८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी अशा एका रुग्णाची नोंद केली. त्याला बोललेले बरेचसे कळे, पण तोंडून ‘तां’ एवढाच उच्चार निघे. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा आढळली.

हा विकार श्रीमंत-गरीब पाहत नाही. इंग्लंडमधील उमराव रॉबिन रसेल, मार्क्विस ऑफ टॅव्हिस्टॉक, यांना १९८८ मध्ये मेंदूचा झटका आला आणि वाचाघात झाला. १९९२ मध्ये त्यांनी ‘टॅव्हिस्टॉक ट्रस्ट फॉर अफेजिया’ हा न्यास स्थापन केला. वाचा-उपचार शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी वाचाघातावर केलेल्या उत्तम संशोधन प्रकल्पांना हा न्यास ब्रिटनमधील विद्यापीठांत पारितोषिके देतो.

विद्यार्थ्यांच्या छोट्या प्रकल्पांचे एवढे कौतुक कशासाठी? कारण अवघड प्रश्न अजून सुटलेला नाही. ब्रिटनमधील ‘बिग कॅक्टस’ या चाचणीत २७८ रुग्ण होते. संगणकावर घरच्या घरी सहा महिने शब्दांचा सराव करणाऱ्यांना सरावातले शब्द अधिक चांगले आठवू लागले. मात्र त्यांच्या रोजच्या संभाषणात सुधारणा दिसली नाही. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. शब्द परत येणे आणि भाजीवाल्याशी, नातवाशी बोलता येणे यांत अंतर आहे. ते कसे कापायचे, याचा शोध घेणारी तरुण मंडळी या शाखेकडे वळायला हवीत. पारितोषिकाचा खरा उपयोग तोच.

हा प्रश्न आपल्याकडेही आहे. झटक्यानंतर हातापायांच्या व्यायामाची चौकशी होते, बोलण्याची राहून जाते. वाचा-उपचाराने फायदा होतो, हे अभ्यासांतून दिसले आहे. म्हणून रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वीच स्पीच थेरपिस्टबद्दल विचारावे. मुंबईत नायर रुग्णालयात आणि वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत या विषयाचे शिक्षणही मिळते.

घरच्यांनी छोटी वाक्ये बोलावीत. ‘हो-नाही’त उत्तर देता येईल असे प्रश्न विचारावेत. चित्रे, खाणाखुणा, कागद-पेन यांची मदत घ्यावी. ऐकू येत असताना मोठ्याने ओरडू नये आणि वाक्य घाईने पुरे करू नये. शब्द सापडायला त्यांना थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ थांबावे.